चौसष्ट घरांपलीकडे हरलेला बॉबी

मोबाइलवर ‘थ्री प्लस टू’चा डाव लावला, की प्रत्येक चालीनंतर आपल्या घड्याळात दोन सेकंदांची भर पडते. जिंकत आलेला डाव निव्वळ वेळ संपली म्हणून हातचा जाऊ नये, यासाठीची ही सोय. रात्री दीड वाजता ‘शेवटचा एकच डाव’ म्हणत खेळणाऱ्या कित्येकांना या दोन सेकंदांनी वाचवलंय. वेळ वाढवून देणाऱ्या या घड्याळाचं पेटंट ज्याच्या नावावर होतं, तो माणूस म्हणजे रॉबर्ट जेम्स फिशर. जगासाठी बॉबी.

बॉबीवर ‘पॉन सॅक्रिफाइस’ नावाचा सिनेमा आहे. ‘स्पायडरमॅन’वाला टोबी मग्वायर यात बॉबी झालाय आणि त्याचा प्रतिस्पर्धी बोरिस स्पास्की झालाय लीव्ह श्रायबर. एडवर्ड झ्विकने दिग्दर्शित केलेला हा सिनेमा २०१४ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात पहिल्यांदा दाखवला गेला. बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नसेल, तरी तो खिळवून ठेवतो. १९७२ च्या जागतिक अजिंक्यपद लढतीतला सहावा डाव हा त्याचा कळस. बॉबी जिंकतो आणि हरलेला स्पास्की प्रेक्षकांबरोबर टाळ्या वाजवतो. मग पडद्यावर चार ओळी येतात, काही जुनी दृश्यं दिसतात आणि आपण उठतो.

त्या टाळ्या वाजल्या तेव्हा बॉबी २९ वर्षांचा होता. त्यानंतर तो आणखी ३५ वर्षं जगला. सिनेमा जिथे थांबतो, तिथून पुढचं आयुष्य बघायला फार जड जातं. पण ते बघितल्याशिवाय बॉबी समजत नाही.

मिठाईच्या दुकानातला पट

बॉबीचा जन्म ९ मार्च १९४३ चा, शिकागोमधला. आई रेजिना ज्यू कुटुंबातली, प्रचंड हुशार, अनेक भाषा येणारी. तिने मॉस्कोत वैद्यकीय शिक्षण घेतलं होतं. जन्मदाखल्यावर वडील म्हणून हान्स-गेरहार्ट फिशर या जर्मन शास्त्रज्ञाचं नाव आहे, पण बॉबीच्या घरात तो कधी नव्हताच. बॉबीचा खरा पिता पॉल नेमेनी हा हंगेरियन गणितज्ञ असावा, असं आज बहुतेक अभ्यासक मानतात. तोही १९५२ मध्ये वारला. म्हणजे घरात माणसं तीनच. आई, पाच वर्षांनी मोठी बहीण जोन आणि बॉबी. मिळेल ते काम करत, जागा बदलत हे कुटुंब न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये स्थिरावलं.

१९४९ मध्ये जोनने जवळच्या मिठाईच्या दुकानातून बुद्धिबळाचा एक साधा संच आणला. बॉबी तेव्हा सहा वर्षांचा. सोबत आलेल्या कागदावरचे नियम वाचून भावंडं खेळायला शिकली. जोनला लवकरच कंटाळा आला, बॉबीला आला नाही. आई कामावर, बहिणीला रस नाही, म्हणून तो स्वतःशीच खेळायचा. पटाच्या या बाजूने एक चाल, मग उठून त्या बाजूने एक चाल.

पोरगं एकटं पडतंय हे रेजिनाला कळत होतं. १९५० मध्ये तिने ब्रुकलिनमधल्या एका वर्तमानपत्राला कार्ड पाठवलं. आपल्या मुलाच्या वयाची, बुद्धिबळ खेळणारी मुलं हवी आहेत, अशी जाहिरात तिला द्यायची होती. ही जाहिरात कुठल्या सदरात बसवायची तेच कचेरीत कुणाला कळेना. शेवटी ते कार्ड बुद्धिबळाचा स्तंभ लिहिणाऱ्या हर्मन हेल्म्स या जुन्याजाणत्या पत्रकाराकडे गेलं आणि त्याने तिला एका कार्यक्रमाचा पत्ता दिला. मॅक्स पॅव्ही हा तगडा खेळाडू वाचनालयात एकाच वेळी अनेकांशी खेळणार होता. १७ जानेवारी १९५१ ला सात वर्षांचा बॉबी त्याच्यासमोर बसला आणि साधारण पंधरा मिनिटांत हरला. डोळ्यांत पाणी आलं. पण त्याच संध्याकाळी ब्रुकलिन चेस क्लबच्या कार्माइन निग्रो यांची नजर त्याच्यावर पडली. त्यांनी त्याला क्लबमध्ये नेलं आणि हौशी खेळाचं शिक्षणात रूपांतर झालं.

पुढची काही वर्षं म्हणजे नुसता ध्यास. जेवताना पट, झोपताना पुस्तक. वाचनालयातली बुद्धिबळाची पुस्तकं त्याने फस्त केली. रशियन लोक जगात सर्वांत भारी खेळतात, मग त्यांची मासिकं वाचता यायला हवीत, म्हणून पठ्ठ्या कामापुरतं रशियन शिकला. एकोणिसाव्या शतकातले विसरलेले डाव त्याने उकरून काढले. आपण ‘जिनिअस’ म्हणून मोकळे होतो, पण त्या शब्दाखाली हजारो तासांची ही हमाली झाकली जाते.

रेजिनाला मात्र काळजी वाटायला लागली. शाळा नको, मित्र नकोत, फक्त बुद्धिबळ, हे बरोबर नाही, म्हणून तिने मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला घेतला. त्यातला एक जण स्वतः चांगला बुद्धिबळपटू होता. बुद्धिबळापेक्षा वाईट नाद पुष्कळ असतात, अशा अर्थाचं काहीतरी सांगून त्याने तिची समजूत घातली. चूक कुणाचीच नव्हती. त्या वयात हे वेड गोडच दिसत होतं.

वजीर दिला आणि डाव घेतला

१७ ऑक्टोबर १९५६. न्यूयॉर्कमधली एक स्पर्धा. समोर डोनाल्ड बर्न, अमेरिकेतला अव्वल खेळाडू. काळी मोहरी घेऊन खेळणारा बॉबी तेरा वर्षांचा. सतराव्या चालीला त्याने आपला वजीर सरळ मारात सोडला. बघणाऱ्यांना वाटलं, पोराचं लक्ष उडालं. बर्नने वजीर मारला. मग बॉबीचा घोडा आणि उंट यांनी मिळून पांढऱ्या राजाला शहामागून शह द्यायला सुरुवात केली आणि प्रत्येक फेऱ्यात एकेक मोहरं टिपलं. वजिराच्या बदल्यात हत्ती, दोन उंट आणि प्यादं एवढी कमाई झाली. ४१ व्या चालीला मात. हान्स क्मॉख या समीक्षकाने या डावाला शतकातला सर्वोत्तम डाव म्हटलं आणि ते नाव त्याला कायमचं चिकटलं. हा डाव इंटरनेटवर सहज मिळतो. एकदा पट मांडून प्रत्यक्ष खेळून बघा. कळत नसेल तरी मजा येते.

जानेवारी १९५८ मध्ये चौदाव्या वर्षी तो अमेरिकेचा विजेता झाला. त्याच वर्षी युगोस्लाव्हियातल्या पोर्तोरोझच्या स्पर्धेनंतर पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर. आज बारा-तेरा वर्षांचे ग्रँडमास्टर दिसतात, म्हणून आपल्याला याचं फार काही वाटणार नाही. पण तेव्हा एवढ्या लहान वयात कुणालाच हा किताब मिळाला नव्हता. ना कम्प्युटर, ना इंजिन, ना सरकारी प्रशिक्षण. सोव्हिएत खेळाडूंच्या मागे सगळी यंत्रणा उभी असायची, बॉबीच्या मागे होतं पुस्तकांनी भरलेलं एक घर.

सोळाव्या वर्षी त्याने शाळा सोडली. पुढे १९६३-६४ च्या अमेरिकन अजिंक्यपद स्पर्धेत तो अकरापैकी अकरा डाव जिंकला. एक हार नाही, एक बरोबरी नाही. त्या दर्जाच्या स्पर्धेत असं सहसा घडतच नाही.

संशय खरा ठरतो तेव्हा

आता या गोष्टीतली खरी गाठ. बॉबीला वाटायचं, आपल्यावर कुणीतरी नजर ठेवतंय. मोठेपणी हा संशय इतका वाढला, की त्याने त्याचं सगळं आयुष्य पोखरून टाकलं. पण गंमत म्हणा किंवा दुर्दैव म्हणा, लहानपणी त्याच्या घरावर खरोखरच नजर होती!

रेजिना डाव्या विचारांची, मॉस्कोत शिकलेली. शीतयुद्धाच्या अमेरिकेत एवढं पुरेसं होतं. एफबीआयने तिच्यावर वर्षानुवर्षं पाळत ठेवली आणि शेकडो पानांची फाइल तयार केली. तिच्याविरुद्ध हेरगिरीचं काहीच सिद्ध झालं नाही. पण दाराबाहेरची अनोळखी माणसं खरी होती. सिनेमातही ही भीती सुरुवातीलाच भेटते. म्हणजे कुणी बघतंय असं वाटणं हा त्या घरात भ्रम नव्हता, अनुभव होता.

दुसरी गोष्ट १९६२ ची. त्या वर्षी स्टॉकहोमच्या इंटरझोनलमध्ये बॉबी अडीच गुणांच्या आघाडीने पहिला आला. (याच स्पर्धेत आपले मॅन्युएल आरोनही खेळले होते आणि बॉबीविरुद्धचा डाव हरले होते.) मग क्युरासाव बेटावर ‘कँडिडेट्स’ स्पर्धा झाली. जिंकणारा जगज्जेत्याला आव्हान देणार होता. बॉबी चौथा आला आणि एका मासिकात त्याने जाहीर आरोप केला, की सोव्हिएत खेळाडूंनी आपसात संगनमत केलं. अनेकांना वाटलं, हरल्यावरची रड. पण आकडे बघा. पेट्रोस्यान, केरेस आणि गेलर हे तिघे सोव्हिएत खेळाडू एकमेकांशी बारा डाव खेळले आणि बाराच्या बारा बरोबरीत सुटले, तेही झटपट. आपसात विश्रांती घ्यायची आणि ताकद इतरांसाठी राखायची. जागतिक संघटनेला, म्हणजे ‘फिडे’ला पुढे नियम बदलावा लागला. सगळ्यांची एकत्र साखळी बंद झाली आणि एकास एक बाद फेरीच्या लढती सुरू झाल्या.

म्हणजे दोनदा त्याचा संशय खरा निघाला. बुद्धिबळात तर संशय हा गुणच असतो. समोरच्याने प्यादं एक घर सरकवलं, तरी चांगला खेळाडू आधी स्वतःला विचारतो, यामागे डाव काय? जो असं विचारत नाही तो हरतो. बॉबी हे दिवसभर, रोज, सहाव्या वर्षापासून करत होता. पण पटावर कोणती धमकी खरी आणि कोणती पोकळ हे दहा-पंधरा चालींत कळतं. आयुष्यात ते इतक्या सरळ कळत नाही. त्यासाठी जवळची माणसं लागतात, बाबा रे, हे तुझ्या मनाचे खेळ आहेत, असं सांगणारी. १९६० च्या सुमारास रेजिना स्वतःच्या वाटेने गेली. जोनचं लग्न झालं. सतरा-अठरा वर्षांचा बॉबी ब्रुकलिनच्या त्या घरात एकटा राहू लागला.

त्यानंतर भांडणं वाढतच गेली. उजेड नीट नाही, प्रेक्षक आवाज करतात, वेळापत्रक अन्यायाचं आहे. १९६७ मध्ये ट्युनिशियातल्या सूस इथे आघाडीवर असताना तो स्पर्धा सोडून निघून गेला. यातल्या काही तक्रारी अगदी योग्य होत्या. आज मोठ्या स्पर्धांत खेळाडूंना जो मान, जी शांतता आणि जे पैसे मिळतात, त्यात बॉबीच्या हट्टाचा वाटा आहे. अडचण एवढीच होती, की कोणती तक्रार रास्त आणि कोणती नाही, हे त्याला कुणी ठामपणे सांगत नव्हतं. सांगणाऱ्याचं तो ऐकतही नव्हता.

आइसलँडचा उन्हाळा

१९७१ मध्ये बॉबीने जे केलं, त्याला खेळाच्या इतिहासात तोड नाही. कँडिडेट्सच्या बाद फेरीत त्याने सोव्हिएत संघाच्या मार्क तायमानोव्हला ६-० असं धुतलं. मग डेन्मार्कच्या बेंट लार्सनला पुन्हा ६-०. या पातळीवर निम्मेअधिक डाव बरोबरीत सुटतात, तिथे बाराला बारा! माजी जगज्जेता पेट्रोस्यानही साडेसहा-अडीचने गारद झाला. आता समोर होता विश्वविजेता बोरिस स्पास्की. बॉबीने त्याला तोवर एकदाही हरवलेलं नव्हतं. पाच डावांत तीन पराभव, दोन बरोबऱ्या.

आइसलँडची राजधानी रेकजाविक. शीतयुद्ध ऐन भरात. १९४८ पासून जगज्जेतेपद सोव्हिएत खेळाडूंकडेच होतं आणि आमची व्यवस्था श्रेष्ठ असल्याचा तो पुरावा म्हणून मिरवला जायचा. त्यामुळे ही दोन माणसांची लढत राहिलीच नाही. उद्घाटन झालं, पण बॉबीचा पत्ता नाही. त्याला जास्त पैसे हवे होते. लंडनचा धनिक जिम स्लेटर पुढे आला आणि बक्षिसाची रक्कम दुप्पट करून अडीच लाख डॉलर केली. अध्यक्ष निक्सन यांचे सल्लागार हेन्री किसिंजर यांनी बॉबीला फोन करून जायला सांगितलं. देशासाठी खेळ, हा त्या फोनचा सूर. सिनेमाचं नाव इथे समजतं. ‘पॉन सॅक्रिफाइस’ म्हणजे मोठ्या फायद्यासाठी दिलेला प्याद्याचा बळी. बॉबी आजारी आहे का, त्याला मदत हवी आहे का, हा प्रश्न त्या फोनवर कुणाला पडला नाही. तो जिंकायला हवा होता, एवढंच.

११ जुलैला पहिला डाव. बरोबरीत सुटत आलेल्या डावात बॉबीने उंटाने एक प्यादं मारलं आणि तो उंट कोपऱ्यात अडकला. नवशिक्यालाही खटकेल अशी ही चाल जगातले तज्ज्ञ आजही उलटसुलट तपासतात. डाव गेला. मग कॅमेऱ्यांचा आवाज येतो म्हणून बॉबी दुसऱ्या डावाला आलाच नाही. गुण स्पास्कीला. २-०.

इथे स्पास्कीची गोष्ट सांगायला हवी. लेनिनग्राडच्या वेढ्यातून लहानपणी बाहेर काढलेला हा मुलगा, स्वभावाने मोकळा आणि दिलदार. मॉस्कोहून निरोप येत होते, लढत सोडून परत ये. तो तसाच विमानात बसला असता, तर त्याचं पद शाबूत राहिलं असतं. पण त्याला खेळायचं होतं. तिसरा डाव प्रेक्षकांपासून दूर, मागच्या एका लहान खोलीत खेळू या, ही बॉबीची अट त्याने मान्य केली. एरवी तिथे टेबल टेनिस खेळत. त्या खोलीत बॉबीने अकराव्या चालीला घोडा पटाच्या कडेला नेऊन ठेवला. राजासमोरची आपली प्यादी विस्कटू देणारी, पुस्तकात न बसणारी चाल. आणि आयुष्यात पहिल्यांदा तो स्पास्कीला हरवून उठला.

मग सहावा डाव. बॉबी पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळताना जवळजवळ नेहमी राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे टाकायचा. त्या दिवशी त्याने वेगळीच सुरुवात केली आणि डाव वळवला तो स्पास्कीच्या आवडत्या बचावाकडे. स्पास्कीच्या घरात शिरून त्याने त्याला हरवलं, इतक्या सहजतेने, की स्पास्कीलाही टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. देशाची इभ्रत पणाला लागलेली, मॉस्कोत जाब द्यायचा होता, तरी त्याने त्या वाजवल्या.

शेवटी शेवटी गंमतच झाली. आपला खेळाडू हरतोय म्हटल्यावर सोव्हिएत चमूलाही संशयाने पछाडलं. अमेरिकन लोक एखाद्या यंत्राने किंवा रसायनाने स्पास्कीच्या डोक्यावर परिणाम करतायत, असं त्यांना वाटलं. खुर्च्यांचे एक्स-रे काढले गेले, दिवे उघडून पाहिले गेले. दिव्यात सापडल्या दोन मेलेल्या माश्या! वेडेपणाचा शिक्का एकट्या बॉबीवर मारताना या माश्या आठवाव्यात. १ सप्टेंबरला स्पास्कीने फोनवरून हार मान्य केली. साडेबारा-साडेआठ. अमेरिकेत बॉबी रातोरात स्टार झाला, दुकानांतले बुद्धिबळाचे संच संपले.

टाळ्यांनंतर

आणि बॉबीने खेळणं थांबवलं. विश्वविजेता म्हणून तो एकही अधिकृत डाव खेळला नाही. १९७५ मध्ये अनातोली कार्पोव्हशी लढत ठरली, तेव्हा त्याने अटी घातल्या. दहा डाव आधी जिंकेल तो विजेता, बरोबऱ्या धरायच्या नाहीत, आणि ९-९ झालं तर पद जुन्या विजेत्याकडेच. फिडेने बरंच मान्य केलं, शेवटची अट केली नाही. बॉबीही हटला नाही. ३ एप्रिल १९७५ ला कार्पोव्ह न खेळताच जगज्जेता झाला.

ज्या एका गोष्टीसाठी सहाव्या वर्षापासून सगळं सोडलं, ती २९ व्या वर्षी मिळाली. पुढे काय? मित्र नव्हते, शिक्षण नव्हतं, दुसरा छंद नव्हता. तो एका धर्मपंथाच्या आहारी गेला, बक्षिसातली मोठी रक्कम त्यांना दिली, मग त्यांच्याशीही बिनसलं. लॉस एंजेलिसच्या आसपास स्वस्तातल्या खोल्यांत तो राहायचा. १९८१ मध्ये पसाडेनात पोलिसांनी त्याला बँक लुटणारा समजून दोन दिवस कोठडीत टाकलं. बाहेर आल्यावर त्याने तिथल्या छळाचं वर्णन करणारी पुस्तिका स्वतःच छापली.

वीस वर्षांनी, १९९२ मध्ये, तो अचानक पटावर परतला. समोर पुन्हा स्पास्की, बक्षीस ५० लाख डॉलर, ठिकाण युगोस्लाव्हिया. तिथे युद्ध चालू होतं आणि संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध लागू होते. खेळलास तर कायदा मोडशील, असं पत्र अमेरिकन सरकारने पाठवलं. बॉबी पत्रकार परिषदेत ते पत्र दाखवून त्यावर थुंकला. लढत तो जिंकला, दहा विजय आणि पाच पराभव. पण मायदेशात त्याच्यावर वॉरंट निघालं. तो परत कधीच अमेरिकेत गेला नाही. १९९७ मध्ये आई गेली, १९९८ मध्ये जोन. दोघींच्या अंत्यसंस्काराला तो जाऊ शकला नाही.

आता सगळ्यात कटू भाग. ज्यू आईचा हा मुलगा ज्यूंविषयी अत्यंत विखारी बोलू लागला. रेडिओवरच्या मुलाखतींतून तो द्वेष ओकत राहिला. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर काही तासांतच फिलिपिन्समधल्या एका रेडिओवर त्याने त्या हल्ल्याचा आनंद व्यक्त केला. अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने त्याचं सदस्यत्व रद्द केलं. आजारी होता म्हणून हे माफ करून टाकावं, असं त्याच्या चाहत्यांना वाटतं. पण मानसिक आजाराशी झगडणारी लाखो माणसं कुणाचा द्वेष करत नाहीत. आजाराचं कारण पुढे करून द्वेषावर पांघरूण घालणं हा त्या सगळ्यांवर अन्याय आहे. आणि बॉबीला नेमका आजार कोणता, यावर कितीही लेख आले असले, तरी माणसाला समोर बसवून तपासल्याशिवाय निदान करता येत नाही. आपण तर ते मुळीच करू नये.

जुलै २००४ मध्ये पासपोर्ट रद्द झाल्याच्या कारणावरून जपानच्या नारिता विमानतळावर त्याला अटक झाली. आठ महिन्यांहून जास्त काळ तो स्थानबद्ध होता. तेव्हा दोन हात पुढे आले. पहिला स्पास्कीचा. त्याने अमेरिकेच्या अध्यक्षांना पत्र लिहिलं. आम्ही दोघं तिथे खेळलो, गुन्हा दोघांचा सारखाच, तर मलाही अटक करा आणि त्याच्याच कोठडीत एक पट देऊन ठेवा, असा त्याचा आशय. दुसरा हात आइसलँडचा. १९७२ मध्ये बॉबीच्या संरक्षणासाठी नेमलेला एक पोलिस त्याचा मित्र झाला होता. तो आणि काही बुद्धिबळप्रेमी कामाला लागले. मार्च २००५ मध्ये आइसलँडच्या संसदेने बॉबीला नागरिकत्व दिलं. ज्या शहराला त्याने जगाच्या नकाशावर आणलं, त्याच शहरात तो राहायला गेला. जुन्या पुस्तकांच्या दुकानात तासन् तास वाचत बसायचा. २००६ मध्ये आपला विश्वनाथन आनंद त्याला तिथेच भेटला.

मूत्रपिंडं निकामी होत होती, पण त्याने डायलिसिस नाकारलं. डॉक्टरांवरही विश्वास नव्हता. १७ जानेवारी २००८ ला तो गेला. वाचनालयातल्या त्या पहिल्या पराभवाला त्याच दिवशी ५७ वर्षं झाली होती. वय ६४. बुद्धिबळाच्या पटावर घरं असतात तेवढंच. सेल्फोस गावाजवळच्या एका छोट्या चर्चच्या आवारात मोजक्या माणसांनी त्याला पुरलं.

दोघांनी मिळून मांडायचा डाव

मित्रांनो, आज आपल्याकडे बुद्धिबळाला सुगीचे दिवस आहेत. गुकेश अठराव्या वर्षी जगज्जेता झाला, नागपूरच्या दिव्या देशमुखने एकोणिसाव्या वर्षी विश्वचषक जिंकला. गल्लोगल्ली क्लासेस निघालेत. दहा वर्षांची पोरं शाळा सोडून सरावाला बसतायत आणि आईबाप नोकऱ्या सोडून त्यांच्याबरोबर फिरतायत. त्यांनी बॉबीचे डाव जरूर अभ्यासावेत. त्याचं ‘माय ६० मेमोरेबल गेम्स’ हे १९६९ चं पुस्तक आजही सोनं आहे. त्यात त्याने आपले पराभवही घेतलेत, हे विशेष. सुरुवातीच्या मांडणीत मागच्या रांगेतली मोहरी बदलून ठेवणारा, ९६० प्रकारे सुरू होऊ शकणारा ‘चेस ९६०’ हाही त्याचाच शोध. पाठांतर कमी व्हावं आणि डोकं चालावं म्हणून त्याने तो १९९६ मध्ये मांडला. आज ‘फ्रीस्टाइल’ म्हणून जगातले अव्वल खेळाडू तो खेळतात.

पण बॉबी विक्षिप्त होता म्हणून महान झाला, हा गैरसमज मात्र घेऊ नका. तो महान झाला हमालीमुळे. विक्षिप्तपणाने त्याच्याकडून पुढची वीस वर्षं खेळणं काढून घेतलं, आणि आपल्याकडून न खेळलेले कितीतरी डाव.

बुद्धिबळात एक सुंदर पद्धत आहे. डाव संपला, की दोन्ही खेळाडू अनेकदा तिथेच बसून तो पुन्हा मांडतात. तू इथे हत्ती का हलवलास? मला वाटलं, तू घोड्याने मारशील. छे, माझ्या डोक्यात ते आलंच नव्हतं! ज्या धमकीला घाबरून आपण वीस मिनिटं घालवली, ती धमकी मुळात नव्हतीच, हे समोरच्याच्या तोंडून कळतं. दोघं हसतात. पुढच्या वेळी भीती थोडी कमी होते. पटावरच्या डावांबाबत बॉबीला हे उत्तम जमायचं. पटाबाहेरच्या भीतीचा डाव त्याने असा कुणासोबत मांडला नाही. तो जिंकत होता तोवर त्याच्यासमोर बसून तो मांडावा असं आसपासच्या मोठ्या माणसांनाही वाटलं नाही.

तुमच्या ग्रुपमध्येही असा एखादा असेल. रँकमध्ये पहिला, मैदानात सुसाट, आणि हळूहळू कुणाशी न बोलणारा. सगळे माझ्यावर टपलेत, असं अधूनमधून म्हणणारा. तो जिंकतोय म्हणून तो ठीक आहे, असं धरून चालू नका. जवळ बसा, विचारा. गरज वाटली तर घरच्यांना सांगा, समुपदेशकाकडे त्याच्यासोबत जा. तुमच्यातल्या कुणाला स्वतःलाच असं वाटत असेल, तर एका तरी माणसाला बोलवा आणि तो डाव त्याच्यासमोर पुन्हा मांडा.